दगड शिकायला दिल्लीला: शिष्यवृत्तीची चार वर्षं

बारावीचा निकाल लागला की लातूरहून फोन सुरू होतात. कुणाची तरी बहीण, कुणाच्या तरी मैत्रिणीची चुलत बहीण. प्रश्न ठरलेले असतात. ताई, इन्स्पायर म्हणजे नेमकं काय? मेडिकलची नीट परीक्षा सोडून बीएस्सी करायची म्हटलं तर घरचे ऐकतील का? ऑनर्सचं चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांत बाहेर पडायचं? मी फोनवर जमेल तेवढं सांगते, पण अर्ध्या तासात काही सगळं सांगून होत नाही. आता प्रबंध जमा झालाय, तोंडी परीक्षाही झालीय, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी औसा तालुक्यातली. दिल्ली विद्यापीठात भूशास्त्रात बीएस्सी ऑनर्स केलं, हंसराज कॉलेजात. 2022 ला आत शिरले, चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला ती आमचीच पहिली तुकडी. सीयूईटीवरून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवरून, प्रवेश घेणारीही पहिलीच. त्या वर्षी परीक्षा लांबल्या, प्रवेश लांबले आणि आमचे वर्ग नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरले. दिल्लीत नवख्या माणसाने येण्यासाठी याहून वाईट महिना नसेल. आभाळ दिसत नव्हतं, घसा सतत खवखवायचा, आणि दिवाळी नुकतीच घरी करून आल्यामुळे मन अजून तिकडंच होतं. पहिले पंधरा दिवस मी आईला फोनवर फक्त हवेबद्दल सांगत होते.

आधी पैशांचं सांगते, कारण फोनवर सगळ्यांना तेच विचारायचं असतं आणि विचारताना संकोच वाटत असतो. इन्स्पायर ही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची शिष्यवृत्ती. आपापल्या बोर्डात बारावीला वरच्या एक टक्क्यात आलेल्या, आणि पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलला न जाता मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलामुलींसाठी. भौतिक, रसायन, गणित हे सगळ्यांना माहीत असतं, पण यादीत संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मानवशास्त्र, भूशास्त्रही आहे. वर्षाला 80,000 रुपये. त्यातले 60,000 तुमच्या खात्यात, आणि 20,000 उन्हाळ्यात कुणा मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधनाचं काम केलंत तर त्यासाठी. बीएस्सी आणि एमएस्सी मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. दरवर्षी गुणपत्रक चढवायचं, टक्केवारी टिकवायची, उन्हाळी कामाचा अहवाल द्यायचा.

60,000 म्हणजे महिन्याला पाच हजार. उत्तर कॅम्पसजवळ विजयनगरला दोघींत एक खोली, सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून, दहा-बारा हजारांच्या खाली मला मिळाली नाही. म्हणजे शिष्यवृत्तीवर दिल्लीत राहता येतं असं मी कुणाला सांगणार नाही. पैसे दरमहा येत नाहीत, वर्षाचे एकदम येतात, आणि पहिल्या वर्षाचे येईपर्यंत खर्च मामांनी उचलला. पुढे अण्णांच्या सोयाबीनचा भावही उतरत गेला. घरातल्या प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलं तेव्हा माझी खोली झाली. तरीही मी म्हणेन की शिष्यवृत्तीशिवाय हे झालं नसतं, आणि त्याचं कारण रकमेत नाही. सरकारी शिक्क्याचं पत्र घरात आलं आणि आमच्या घरातलं बोलणं बदललं. तोवर 'दगडं शिकून काय करणारंय ही?' असा प्रश्न होता. पत्रानंतर तोच प्रश्न 'काय करायचं असतंय त्यात?' असा झाला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

लातूरमध्ये बारावी करून नीटला न बसणं म्हणजे काय, हे लातूरच्या मुलींना सांगायला नको. आमच्या वर्गात बहुतेक सगळ्यांचं पहाटे उठणं, रात्री बारापर्यंत एमसीक्यू, रविवारी टेस्ट, सगळं एकाच परीक्षेसाठी. मीही ते सगळं केलं. तो अभ्यास वाया गेला असं मी मानत नाही. बैठक तिथेच आली. पण मला डॉक्टर व्हायचं नव्हतं, आणि काय व्हायचं होतं ते मला अकरावीपासून स्पष्ट होतं. त्याला दोन कारणं.

पहिलं कारण किल्लारीचा भूकंप. आमचं गाव पुनर्वसितांपैकी. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं, आणि थोड्या अंतरावर जुनं गावठाण, जिथे आता बाभळी आहेत. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारच्या आत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. आई नऊ वर्षांची होती. दगड आणि मातीत बांधलेल्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेला मातीचा जाडजूड थर. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर त्या पहाटे आतल्या माणसांवर बसलं. आईने धाकटा भाऊ गमावला. ती याबद्दल फार बोलत नाही, पण तिच्या बोलण्यात वर्षं अजून 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशीच मोजली जातात.

दुसरं कारण पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. शहरात पाण्याच्या टाकीपाशी जमावबंदी लागली होती, गावात आमच्या विहिरीला तळ दिसत होता, आणि शेजारच्यांचा बोअर आठशे फुटांवर जाऊनही कोरडा निघाला होता. मग त्यांच्या बांधापलीकडे तिसऱ्या एका शेतात दोनशे फुटांवर पाणी लागलं. का? याचं उत्तर गावात कुणापाशी नव्हतं. नारळ हातावर धरून फिरणाऱ्या पाणाड्यापाशी होतं, पण ते मला पटत नव्हतं.

दोन्ही कारणं जमिनीखालची. म्हणून भूशास्त्र. आणि दिल्ली कशाला, पुण्यात आहे की, असं सगळेच म्हणाले. खरंच आहे, पुण्यात उत्तम विभाग आहेत. मला दख्खनच्या बाहेर जाऊन खडक बघायचे होते. जन्मापासून एकच काळा दगड पाहिलेल्या मुलीला दुसरं काहीतरी बघायची ओढ असते, आणि सीयूईटीत गुण चांगले पडले, तेवढंच.

दुसरं काहीतरी लगेच भेटलं. कॅम्पसच्या शेजारी रिज आहे, कीकरच्या झाडांनी आणि माकडांनी भरलेलं जंगल, बहुतेक मुलं तिथे चालायला जातात. तिथला दगड क्वार्टझाइट. पिवळसर, गुलाबी, हातोडी मारली तर ठिणगी उडते. मुळात वाळू, मग वाळूचा दगड, मग जमिनीच्या पोटात दाबून आणि भाजून तयार झालेला. वय शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जास्त. आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांचा. पहिल्या सत्रात सरांनी आम्हाला तिथे नेलं आणि एका उभ्या थरावर हात ठेवून विचारलं, हा थर आडवा साचला असणार, मग उभा कुणी केला? उत्तर लगेच दिलं नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत विचार करून या म्हणाले. नीटच्या तयारीत एका प्रश्नाला जेमतेम मिनिट मिळतं. इथे एका प्रश्नाला आठवडा दिला होता. त्या आठवड्यात मी तीनदा रिजवर जाऊन आले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी योग्य ठिकाणी आलेय.

शिकवणं इंग्रजीत, गप्पा हिंदीत. सेमी इंग्रजीतून आल्यामुळे शब्द कळायचे, पण बोलायला वेळ लागायचा. त्यावर माझा उपाय म्हणजे प्रॅक्टिकल. खडक हातात असला की भाषा मागे पडते. वर्गात बिहारची, हरियाणाची, मणिपूरची मुलं होती, एक मुलगी लेहची. ती म्हणायची, आमच्या घरामागेही काळा दगड आहे, पण तो समुद्राच्या तळाचा. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला तेव्हा मधल्या समुद्राचा तळ काही ठिकाणी वर ढकलला गेला, त्यातला तो. आम्ही दोघींनी सुट्टीवरून येताना आपापल्या घरचा एकेक दगड आणला आणि अदलाबदल केली. दोघी दोन टोकांच्या, आणि दोघींच्या घरी दगडाला 'दगड' यापलीकडे काही म्हणत नव्हते.

दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेट हिमाचलला, सोलनच्या बाजूला. कालका-शिमला रस्त्याच्या परिसरात तीन थर एकावर एक ओळीने भेटतात: सुबाथू, दगशाई, कसौली. तिन्ही तिथल्या गावांची नावं. सुबाथूच्या हिरवट-करड्या शेलमध्ये आणि चुनखडीत न्यूम्युलाइट सापडतात, समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जिवांची कवचं, बोटाच्या नखाएवढी, गोल, चपटी, फोडली तर आत चक्राकार कप्पे. वरचा दगशाई लालसर, नद्यांनी आणलेला गाळ. त्याच्यावर कसौलीचा वाळूचा दगड, त्यात झाडांच्या पानांचे ठसे. म्हणजे एका दिवसाच्या चालण्यात समुद्र आटतो, नद्या येतात, जंगल उगवतं. हातात थराची दिशा आणि कल मोजायचा ब्रंटन कंपास, पाठीवर नमुन्यांची पिशवी, उतारावर पाय घसरतोय आणि मॅम वरून ओरडतायत की आधी नोंद, मग फोटो. ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानांवर सगळं ढोबळ, शेवटच्या पानांवर थराची दिशा, कल, जाडी, दाण्यांचा आकार, सगळं. दहा दिवसांत डोळा बदलतो.

त्याच वर्षी वर्गात किल्लारी आली. भूकंपांचा धडा होता, पडद्यावर भारताचा नकाशा. हिमालयातले भूकंप का होतात ते समजावून झालं आणि मग एक ओळ: स्थिर खंडांतर्गत भागातला भूकंप, किल्लारी, 1993, तीव्रता 6.2. पुढची ओळ कोयना, 1967. मी हात वर केला आणि म्हटलं, मी तिथलीच आहे. वर्ग शांत झाला. मॅमनी पडदा तिथेच थांबवला आणि मला विचारलं, सांगशील का काही? मी माळवदाच्या घरांबद्दल सांगितलं, कारण इतक्या मध्यम तीव्रतेच्या भूकंपात हजारो माणसं का गेली त्याचं उत्तर त्या भिंतींत आहे. मग मॅमनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं: भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी परिसरात खोल विंधन छिद्र घेतलं होतं, 617 मीटर. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, 338 मीटरवर संपला, त्याखाली आठ मीटर जुना गाळ, आणि मग त्याहून कितीतरी प्राचीन नाइस नावाचा रूपांतरित खडक. आमच्या पायाखाली काय आहे हे कुणीतरी पाहून आलं होतं, मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि गावात ते कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्री मी आईला फोन करून आकडे सांगितले. ती म्हणाली, 'म्हंजी आपल्या खाली निस्ता काळा दगडच नाही व्हय?' मग बराच वेळ विचारत राहिली, तो गाळ कसला, नदी होती का तिथं.

माझ्या ऑनर्सचा विषय त्या फोनमधून निघाला असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी कामासाठी मी मॅमना म्हटलं, मला माझ्या तालुक्यातल्या विहिरी बघायच्यात. प्रयोगशाळेत बसून तयार नमुन्यांवर काम करणं सोपं होतं, इन्स्पायरच्या अहवालाला तेही चाललं असतं. मॅमनी एवढंच विचारलं की विहिरीत उतरताना सोबत कोण असेल. ते ठरलं आणि परवानगी मिळाली. 2023 चा पावसाळा मराठवाड्याला दगा देऊन गेला होता. 2024 च्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ उघडे पडले होते, टँकर चालू होते. लोकांच्या हालात मला माझं काम करता येत होतं, आणि हे मला सतत टोचत होतं. पण कोरडी विहीर म्हणजे खडकाचा उभा छेद, वरपासून खालपर्यंत, धुतलेला आणि मोकळा. असा छेद पुन्हा कधी मिळणार नव्हता.

एका विहिरीबद्दल सविस्तर लिहिते. नवी विहीर, रोजगार हमीतून मंजूर झालेली, काम चालू, काठावर यारी लावलेली. खोदणारे आजोबा आमच्याच गावचे, चाळीस-एक वर्षं हेच काम. सुरुंगाचं काम नसलेल्या दिवशी, लोखंडी शिडीने, दोर कमरेला बांधून मी खाली उतरले. अण्णा वर काठावर. टेप वरून सोडली होती. वरचा मीटरभर काळी माती. मग मुरूम, अडीच-तीन मीटर, हाताने उकरता येतो असा. मग मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांनी पोखरलेला खडक, धिरड्याला पडते तशी जाळी, आणि बऱ्याच छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले. ते झिओलाइट नावाचं खनिज. मग अखंड काळा पाषाण, चार मीटरहून जास्त, एकही आडवी भेग नाही. आणि त्याच्या बुडाशी वीतभर जाडीचा लाल पट्टा, बोटाने दाबला तर मऊ, ओला केला की चिकट. पट्ट्याखाली पुन्हा मांजऱ्या.

हे वाचताना साधं वाटेल. पण खाली उभं राहून पाहिलं की सगळं हलायला लागतं. लाव्हाचा एक लोट आला, वरून थंड होताना त्यातले वायू वर चढले, म्हणून लोटाचा माथा जाळीदार आणि मधला भाग घट्ट. मग बराच काळ काहीच आलं नाही. उघड्या पडलेल्या माथ्यावर ऊन-पाऊस झाला, खडक कुजला, लाल माती झाली. मग पुढचा लोट त्या मातीवरून वाहत आला आणि ती भाजली, दबली. म्हणजे लाल पट्टा हा दोन लोटांमधला विसावा आहे. आणि पाण्याच्या दृष्टीने? अखंड पाषाण पाणी धरत नाही, भेगा असतील तेवढंच. लाल पट्ट्यातली चिकणमाती पाण्याला खाली जाऊ देत नाही. पाणी बसतं ते मुरुमात आणि जाळीदार माथ्यांत, तेही छिद्रं एकमेकांना जोडलेली असतील तर. शेजारच्या शेतात दोनशे फुटांवर पाणी आणि इकडे आठशे फुटांवर कोरडं, याचा उलगडा या थरांमध्ये आहे: कोणता लोट कुठे जाड, कुठे पातळ, कुठे संपतो, भेग कुठून गेली.

मी वर आले तर आजोबा म्हणाले, 'तांबडा पट्टा लागला का? त्याच्या खाली मऊ लागतंय बघ. अन् तिथंच पाणी लागलं तर लागतंय.' मी इतक्या पुस्तकांतून जे जुळवून आणलं होतं ते त्यांनी हाताने शिकलेलं होतं. मग मी त्यांनाच विचारत सुटले. कुठल्या शिवारात पट्टा किती परसांवर, म्हणजे किती पुरुष खोलीवर, लागला, कुठे दोन पट्टे लागले, कुठे लागलाच नाही. त्यांना सगळं आठवत होतं. शेताच्या मालकाच्या नावानिशी आणि सालानिशी. आम्ही दोघं बांधावर बसून नकाशावर खुणा करत होतो आणि त्यांनी दाखवलेल्या जागा मी नंतर टेपने मोजून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी फरक हातभराचा निघाला. प्रबंधाच्या आभारात पहिलं नाव त्यांचं आहे, मॅमच्याही आधी, आणि मॅमनीच तसं सुचवलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निर्णयाची वेळ आली. नव्या अभ्यासक्रमात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, 132 क्रेडिट्स. चौथं वर्ष केलं तर 176, आणि त्यात दोन्ही सत्रांना सहा-सहा क्रेडिट्सचा प्रबंध. वर्गातले बरेच जण जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला गेले, आणि त्यांचं बरोबरच होतं. एक-दोघे नागरी सेवांच्या तयारीला लागले. घरून विचारणा होती की अजून एक वर्ष म्हणजे अजून एक वर्षाचा खर्च, उपयोग काय. नोकरीच्या हिशोबाने उत्तर असं आहे: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळातल्या वर्ग एकच्या जागांसाठी यूपीएससीची वेगळी भूवैज्ञानिक परीक्षा असते, आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते. म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. अण्णांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि ते तयार झाले.

माझं स्वतःचं कारण वेगळं होतं. तीन वर्षं मी सगळ्या विषयांचं थोडं थोडं शिकले होते. एका विषयाशी वर्षभर राहून बघायचं होतं.

आणि ते वर्ष कसं जातं हे मला फोनवर कधीच सांगता येत नाही, म्हणून थिन सेक्शनचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी घासलेल्या दगडाच्या पातळ चकतीचं, सांगते. विहिरीतून आणलेला दगड कापून चिप्पी करायची. तिची एक बाजू काचेवर कार्बोरंडमच्या भुकटीत पाणी घालून घासायची, आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. आरशासारखी गुळगुळीत झाली की ती बाजू काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूने घासायला घ्यायचं. घासत राहायचं ते 0.03 मिलिमीटर जाडी येईपर्यंत. तेवढ्या जाडीला काळा कुळकुळीत पाषाण पारदर्शक होतो. जाडी मोजायची कशी? सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाचा रंग बघून. पिवळा दिसला तर अजून जाड आहे, करडा-पांढरा झाला की थांबायचं. एक फेरी जास्त झाली की कडा झिजून जातात आणि नमुना हातचा जातो. बोटांची टोकं सोलवटतात, खांदे भरून येतात. मांजऱ्या तर आणखी अवघड, छिद्रांपाशी तुटतो, आधी त्यात राळ भरून घट्ट करावा लागतो.

पण मग तो क्षण. ध्रुवित प्रकाशात काचपट्टी फिरवायची. प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या, त्यांत काळ्या-पांढऱ्या रेघा आलटून पालटून. मधल्या फटींत ऑजाइट हे दुसरं खनिज, निळा, नारिंगी, जांभळा. एका छिद्रात कडेने हिरवट चिकणमातीचं अस्तर आणि आत पंख्यासारखे उलगडलेले झिओलाइटचे स्फटिक. हा आमच्या शेताजवळचा दगड होता. ज्याने आमच्या आजोबांची भिंत बांधली, जी भिंत पडली, तोच हा दगड. मी लेहच्या मैत्रिणीला हाक मारली, ती किती तरी वेळ डोळा लावून बसली. मग लॅबमधल्या काकांनी पाहिला. मग सरांनी. घरी आल्यावर फोनवर काढलेले फोटो आईला दाखवले. तिने फोन जवळ नेऊन, लांब धरून पाहिले आणि म्हणाली, हे एवढं सगळं आत असतंय?

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिला. ज्या विहिरींत मी उतरले होते त्या काठोकाठ भरल्या, काहींचे कठडे ढासळले, आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. चौथ्या वर्षाची फी भरायची होती, आणि त्या वेळी शिष्यवृत्तीचे आलेले पैसे थेट घरी पाठवावे लागले. मॅमना सांगितल्यावर त्यांनी विभागातलं एक छोटं काम दिलं, जुन्या नमुन्यांची यादी संगणकात चढवायचं, त्यावर दोन महिने निघाले. असं बोलायला लाज वाटू देऊ नका, हे मी फोन करणाऱ्या प्रत्येकीला सांगते. विद्यापीठात मदतीच्या वाटा असतात, फी सवलत असते, कामं असतात, पण त्या मागितल्याशिवाय कळत नाहीत. आपल्याकडच्या मुली शेवटपर्यंत गप्प राहतात आणि मग वर्ष सोडतात. माझ्या वर्गातून एक अशी गेली. हुशार होती, माझ्यापेक्षा नकाशे चांगले काढायची. तिला कुणी विचारलं असतं तर ती थांबली असती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढ्या लहानशा भागातल्या नोंदींवरून तू निष्कर्ष किती पुढे नेऊ शकतेस? मी म्हटलं, तालुक्यापलीकडे नाही. पण त्या तेवढ्या शिवारांत पुढची विहीर कुठे खोदू नये हे सांगता येईल. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, सांगितलंस का? मार्चमध्ये, होळीच्या सुट्टीत, मी ग्रामपंचायतीत मराठीत छापलेले थरांचे तक्ते देऊन आले होते. प्रत्येक विहिरीचा एक तक्ता, रंगवलेला, खोली फुटांत आणि परसांत. सरपंचांनी ते कार्यालयात लावलेत. दोघांनी विहिरीची जागा ठरवण्याआधी येऊन पाहिलेही. त्यातल्या एकाच्या जागेबद्दल मला शंका आहे, आणि ती मी त्यांना सांगितलीय.

आता एक वर्षाच्या एमएस्सीचा अर्ज भरलाय. तो मिळाला तर शिष्यवृत्तीचं पाचवं वर्ष त्यात जाईल. तेरणा नदीच्या काठच्या काही विहिरी पावसामुळे मोजायच्या राहिल्यात, पाणी उतरलं की पुढच्या उन्हाळ्यात त्या करायच्यात. विहीर खोदणाऱ्या आजोबांना आता शिडी उतरवत नाही, पण काठावर बसून सांगेन म्हणालेत. औसा, निलंगा, उमरगा भागातल्या कुणा बीएस्सीच्या मुलीला सोबत यायचं असेल तर खाली लिहा. दोर, टेप आणि हातोडी माझ्याकडे आहे. घरून एका मोठ्या माणसाला मात्र सोबत आणायचं, काठावर थांबायला.